पन्ह्यातलं पाणी

मला कावीळ झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. डोळे केव्हाच पांढरे झाले. गेलेलं वजन व्याजासकट परत आलं. भजी खाते, लोणचं खाते, वर नवऱ्याशी भांडतेही. तेव्हा माझी काळजी कोणी करू नये. दुखण्याच्या गोष्टी उगाळत बसणाऱ्या बायका मला मुळीच आवडत नाहीत, आणि मी त्यातली होऊ नये म्हणून इतकी वर्षं कागदाला हात लावला नव्हता.

आमच्या भागातल्या आरोग्यसेविका वनिताताईंनी मला हे लिहायला लावलं. त्या इथल्याच, भातशेतीच्या गावातल्या. मला म्हणाल्या, "ताई, आमी पत्रकं वाटतो, त्यावर बायका मेथी निवडतात. तुमी सांगता तेव्हा मात्र गप बसून ऐकतात. मग लिवा ना एकदा. मी दारोदार वाचून दाखवीन."

म्हणून लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. एका कळशीभर पाण्याची गोष्ट आहे, आणि त्या पाण्यात माझा हात आहे.

नळ

आम्ही मूळचे गिरगावातले. दोन खोल्यांतून बाहेर पडायचं म्हणून विरार पूर्वेला, चंदनसारला फ्लॅट घेतला. तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. आजूबाजूला अजून शेतं होती. आमची तीन मजली इमारत त्यात नवी कोरी उभी होती, बाल्कनीतून डोंगर दिसायचा. मला वाटलं, जिंकलं.

गिरगावात आम्ही जन्मभर नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. नळ म्हणजे चांगलं पाणी, विहीर म्हणजे गावंढळ पाणी, एवढंच आमचं शिक्षण. इथे स्वयंपाकघरात चकचकीत नळ होता. सोडला की पाणी यायचं. ते येतं कुठून याचा विचार करायची आम्हाला सवयच नव्हती.

ते यायचं टँकरने. टँकरवाला कुठल्या विहिरीतून भरून आणायचा हे त्यालाच ठाऊक. आवाराच्या कोपऱ्यात जमिनीखाली सोसायटीची टाकी होती, तिच्यात तो पाइप सोडायचा, मग पंपाने पाणी गच्चीवर चढायचं आणि तिथून आमच्या चकचकीत नळात उतरायचं. त्या टाकीपासून दहा-बारा पावलांवर इमारतीच्या संडासांचा सेप्टिक टँक होता. मी त्या दोन्ही झाकणांमध्ये चटई पसरून पापड वाळत घातले आहेत. मनात कधी काही आलं नाही.

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. टाकी वर्षातून दोनदा धुवायची असं ठरलेलं. दिवाळीनंतरचं धुणं राहून गेलं. "होळीनंतर बघू" म्हणाले. होळीनंतर कोणी बघितलं नाही. मीसुद्धा आठवण केली नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळं त्यांच्यावर ढकलल्यासारखं होईल.

वीस मिनिटं

आमच्या समोरच्या दारात वैशाली राहायची. सत्तावीस वर्षांची, एव्हरशाईन सिटीतल्या एका शाळेत शिकवायची. नवरा संजय, आणि सासू. सासूला सगळी इमारत काकू म्हणायची. काकू संगमेश्वराकडच्या, लहानखुऱ्या, सतत काहीतरी निवडत बसलेल्या.

वैशालीला कॉलेजात असताना टायफॉइड झाला होता आणि त्यात तिचं एक वर्ष गेलं होतं. तेव्हापासून ती पाण्याच्या बाबतीत फार कडक. पाणी उकळायला लागलं की त्यानंतर वीस मिनिटं, घड्याळ लावून. शाळेत जाताना स्वतःची बाटली. कोणाकडे गेली तर "नको, आत्ताच प्यायले" म्हणायची. सासूला तिने गजराचं छोटं घड्याळच आणून दिलं होतं. काकू पातेल्यासमोर पाटावर बसून गजर व्हायची वाट बघायच्या.

आम्ही तिची चेष्टा करायचो. मी तर तोंडावर म्हणायची, "काय वीस मिनिटंवाली, झालं का पाणी?" ती हसायची. म्हणायची, "कुंदाताई, हसा. पण मुक्ताला तरी उकळून द्या." मुक्ता माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती. तिला मी द्यायची उकळून, कधी आठवण झाली तर.

त्या वर्षी वैशालीला दिवस गेले. आधी एकदा तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून यावेळी ती जास्तच जपत होती. पाचवा लागला तेव्हा कुठे तिने आम्हाला सांगितलं.

हळदीकुंकू

चैत्रातल्या हळदीकुंकवाची मला भारी हौस. गिरगावात आमच्याकडे पन्हं प्यायला दोन गल्ल्या सोडून बायका यायच्या. इथे आल्यावर पहिल्यांदाच गौर थाटात मांडली. निर्मळहून सोनचाफा आणि मोगरा आणवला, वाटली डाळ केली, हरभरे भिजत घातले. तीस बायकांना बोलावणं केलं.

पन्ह्याचं पाणी मी आदल्या दिवशी उकळून गार करून ठेवलं होतं. हे मी शपथेवर सांगते. वैशाली येणार, ती विचारणार, आणि मी ऐटीत "हो" म्हणणार, म्हणून मुद्दाम उकळलं. घड्याळ लावून, वीस मिनिटं.

संध्याकाळी बायका आल्या. तीस आल्या, त्यांच्या मागून बी विंगच्या आल्या. एकीने दुसरीला सांगितलेलं, दुसरीने पाहुणीला आणलेलं. हळदीकुंकवाला आलेली बाई तोंड गोड न करता परत गेली तर यजमानीण कसली? साडेसहालाच पातेलं निम्म्यावर आलं, आणि बायका येतच होत्या. आमच्याकडे याचा एक ठरलेला उपाय असतो, तो मी आईकडून शिकले. आमटी वाढवायची, ताक वाढवायचं, पन्हं वाढवायचं. मी कळशी नळाखाली धरली, भरली, पातेल्यात रिकामी केली. बाजूला ठेवलेला कैरीचा गर, मूठभर गूळ, चिमूट मीठ, वेलची. ढवळलं. चव घेतली. मस्त झालं होतं. बी विंगच्या जोशीबाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला पुरवठा आहे हो." मी फुलून गेले.

वैशाली सगळ्यात शेवटी आली, साडेसातच्या सुमाराला. शाळेचा काहीतरी कार्यक्रम होता, तिथून थेट. दमलेली होती, पण अबोली रंगाची साडी नेसून आली. मी तिची ओटी भरली, हरभरे जरा जास्तच घातले. मग पेला पुढे केला.

तिने पेला हातात घेतला आणि विचारलं, "उकळलेलं आहे ना?"

मी म्हणाले, "अगं हो. तुझ्या घड्याळाने वीस मिनिटं."

हे खोटं होतं असं तेव्हा मला वाटलंच नाही. अर्धं पातेलं उकळलेलंच होतं की. कैऱ्या तर उकडलेल्याच होत्या. आणि खोली बायकांनी भरलेली, दाराशी अजून दोघी चपला काढत होत्या. तिथे कुठे मी "पहिलं उकळलेलं, दुसरं नळाचं" असा हिशेब सांगत बसू?

पेला रिकामा होईपर्यंत तिने तो तोंडापासून काढला नाही. डोहाळ्यांची बाई, आंबटगोड पन्हं, उन्हाळ्याचे दिवस. ओठ पुसून म्हणाली, "कुंदाताई, अजून एक मिळेल?"

मी दिलं. काठोकाठ भरून दिलं.

पिवळे डोळे

मे महिना संपत आला आणि मला चहाचा वास नको झाला. चहा नको म्हणजे माझ्या बाबतीत गंभीर प्रकरण, पण मी मानलं नाही. उन्हाचं पित्त असेल. मग पोळीचा वास नको, मग उभं राहवेना. चार दिवस लिंबू-सोडा घेत काढले. पाचव्या दिवशी ह्यांनी जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढली आणि विचारलं, "ताई, आरशात नाही बघितलंत?"

बघितलं होतं. पण आमच्या न्हाणीघरातला बल्ब पिवळा. त्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात.

"कावीळ आहे," ते म्हणाले. "तुमच्या इमारतीतली तुम्ही चौथी. पाणी कुठलं पिता?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. टाकीची आठवण दोघांना एकाच वेळी झाली असणार. मला मात्र त्या क्षणी पन्हं आठवलं नाही. माझी मजल टाकीपर्यंतच गेली.

पोटात पाणीसुद्धा ठरेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दाखल केलं. जिन्यावरून मला उतरवत होते तेव्हा समोरचं दार उघडं होतं. आत वैशाली भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाला लावलेला. मी म्हटलं, "काय गं, तुझे डोहाळे संपले नाहीत का अजून?" ती म्हणाली, "काही जात नाहीये हो पोटात, कुंदाताई." आम्ही दोघी हसलो. तिचं माझं तेवढंच शेवटचं बोलणं.

चार नंबरची खाट

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे असतात. सकाळी सहाला झाडू, साडेसहाला थर्मामीटर, आठला सलाइनची नवी बाटली, मग छताचा पंखा. पंख्याच्या एका पात्यावर जळमट होतं. ते फिरताना मोजत पडायचं. आजारपणात माणूस किती बिनकामाचं मोजतो!

भेटायला येणाऱ्यांनी उपायांचा पाऊस पाडला. नणंद झाडपाल्याची पुडी घेऊन आली. कोणी म्हणे पिवळं काही खायचं नाही, हळदसुद्धा वर्ज्य. चुलतदीर रस्त्यावरून उसाचा रस घेऊन आले, बर्फ घातलेला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. वॉर्डातल्या आया हिरूबाईंनी ती पिशवी उचलली आणि सरळ मोरीत ओतली. "कंच्या पान्याचा बर्फ हाय, ठावं हाय का?" त्यांनी चुलतदिरांना दटावलं. चुलतदीर त्यानंतर आले नाहीत.

हिरूबाईंचं मी कधी विसरणार नाही. आठ दिवस माझे केस विंचरलेले नव्हते, गुंता झालेला. एका दुपारी त्यांनी न सांगता फणी घेतली आणि तासभर, बट सोडवत, एकही केस न तोडता विंचरून वेणी घातली. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडा. रडलं की पोट हलकं होतं."

घरी मुक्ता आणि हे दोघंच. ह्यांना वरणभातापलीकडे काही येत नव्हतं. शाळा सुरू व्हायची होती, पुस्तकांना कव्हरं घालायची होती, ती मुक्ताने एकटीने घातली आणि मला दाखवायला खाटेवर आणली. सगळी वाकडी होती. मी शाबासकी दिली. तिने विचारलं, "आई, तू मरणार नाहीस ना?" इतकं सरळ मला डॉक्टरांनाही विचारता आलं नव्हतं.

हे रोज संध्याकाळी यायचे. ऑफिसचं सांगायचे, टँकरचं सांगायचे, मुक्ताचं सांगायचे. समोरच्या घराचं काही सांगायचे नाहीत. सहाव्या दिवशी मी विचारलं, "वैशालीचं काय झालं? डॉक्टरांना दाखवलं का तिने?"

ह्यांनी पिशवीतून मोसंबं काढलं आणि सोलायला लागले. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्यात ह्यांनी कधी कोणाला फळ सोलून दिलेलं मला आठवत नाही. एकेक शीर काढत, मान खाली घालून ते सोलत राहिले, आणि मला कळलं.

तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. सातवा महिना होता. बाळ आधी गेलं, दोन दिवसांनी ती गेली. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट असते, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासारख्या चाळिशीच्या धडधाकट बाईला ती फक्त लोळवते.

त्या संध्याकाळी मला पन्हं आठवलं. कळशी भरताना नळाचा होणारा आवाजसुद्धा आठवला.

समोरचं दार

मी घरी आले तोवर तिचे दिवस होऊन गेले होते. जिन्यात दोन पायऱ्यांवर एकदा बसत वर चढले. समोरच्या दाराबाहेर तिच्या चपला तशाच होत्या.

मी बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून असायची. वारा यावा म्हणून दार उघडं, त्यांचंही दार उघडं. समोरचं सगळं ऐकू यायचं. त्या आठवड्यात वनिताताई पहिल्यांदा आमच्या इमारतीत आल्या. हातात वही, खांद्याला क्लोरीनच्या बाटल्यांची पिशवी. घराघरांतून विचारत होत्या, कोण आजारी पडलं, कधी पडलं, पाणी उकळता का.

समोर त्यांनी विचारलं, "तुमची सून उकळलेलं पानी पेत होती?"

"हो," संजयचा आवाज. "वीस मिनिटं. घराबाहेर ती पाण्याचा थेंब प्यायची नाही."

"मग झालं कसं?" वनिताताई म्हणाल्या. त्यांनी आपलं साधंच विचारलं होतं.

मग संजय हळू आवाजात म्हणाला, "आई, ती शाळेत असताना पाणी तू उकळायचीस. कधी एखाद दिवशी... राहिलं असेल का?"

मी पलंगाची कड धरली होती. काकू "नाही" म्हणतील, ओरडतील, असं मला वाटलं. काकू म्हणाल्या, "असेल रे. म्हातारी झाले मी. असेल."

मी उठून जायला हवं होतं. सात पावलं होती. अशक्तपणा होता हे खरं, पण त्याच दिवशी मी दोनदा न्हाणीघरापर्यंत चालत गेले होते.

वनिताताई नंतर माझ्याकडे आल्या. विचारलं, "एप्रिलपासून हितं काही कार्यक्रम, जेवनावळ, काही झालं होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

बाकीच्या बायकांनीही हळदीकुंकू कार्यक्रमात धरलं नव्हतं बहुतेक. रात्री ह्यांना सांगितलं. सगळं, कळशीपासून दुसऱ्या पेल्यापर्यंत. ह्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "कुंदा, आख्खी बिल्डिंग तेच पाणी पीत होती. तुझ्या पन्ह्यानेच झालं कशावरून?"

"आख्खी बिल्डिंग पीत होती. ती पीत नव्हती."

"सांगून ती परत येणार आहे का? उगाच दोन घरांत वैर. आधीच टाकीवरून मला सगळे बोलताहेत."

आम्ही आठ दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. आजारी माणसाच्या घरात भांडणसुद्धा दबक्या आवाजात चालतं.

जुलैत टाकी उपसली. सेप्टिक टँकच्या भिंतीला तडा गेला होता आणि पाझर टाकीच्या बाजूला येत होता. बायका नाकाला पदर लावून बघून आल्या. कारण सापडलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. काहींनी बिल्डरला शिव्या दिल्या, काहींनी टँकरवाल्याला, काहींनी आम्हाला. टाकीत क्लोरीन पडायला लागलं, प्रत्येक घरात पातेली चढली. फक्त समोरच्या घरात काही बदललं नव्हतं. तिथे तर आधीपासूनच उकळत होतं.

बदललं होतं ते एवढंच: संजय ऑफिसातून येताना पाण्याची बाटली आणायला लागला. सकाळी स्वतःचं पाणी स्वतः, वेगळ्या भांड्यात उकळायचा. काकू तरी पातेलं चढवायच्याच, गजर लावून समोर बसायच्याच. मग ते पाणी दुपारी झाडांना घालायच्या. आमच्या दारातून मला त्यांची पाठ दिसायची.

सांगणं

श्रावणात एका संध्याकाळी काकूंनी आमच्या दारात येऊन सांगितलं की त्या गावी जाणार, कायमच्या. "हितं माझं काय काम आहे आता?" त्या म्हणाल्या. पेटी बाहेर काढलेली दिसत होती.

मी त्यांच्या मागोमाग आत गेले. पातेलं गॅसवर होतं, पाणी खळखळत होतं, बाजूला ते छोटं घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी बसले नाही.

म्हटलं, "काकू, वैशाली बाहेरचं पाणी प्यायली होती."

"नाय गो. ती कुठे पीत नव्हती."

"माझ्याकडे प्यायली. हळदीकुंकवाला. पन्हं कमी पडलं म्हणून मी नळाचं पाणी घातलं होतं. तिने विचारलं, उकळलेलं आहे ना. मी हो म्हटलं. दोन पेले प्यायली ती."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारावा असं वाटतही होतं. तेवढ्यात गजर झाला. त्या उठल्या, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, पदराने ओटा पुसला. मग खाली बसल्या.

"मी आठवून आठवून दमले," त्या म्हणाल्या. "कुठल्या दिवशी चुकले ते काही आठवेना. अगो, एक दिवस नाय आठवला मला."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे घेतले. रागाने नाही, पण घेतले.

"मला कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "संजयला सांग. तो माझ्या हातचं पाणी पीत नाय."

साडेसातला संजय आला. मी दारातच उभी होते. त्याच्या खांद्याची बॅगसुद्धा उतरलेली नव्हती, हातात पाण्याची बाटली होती. मी जे काकूंना सांगितलं तेच त्याला सांगितलं, त्याच क्रमाने, काही न गाळता. "अर्धं तरी उकळलेलं होतं" अशी सबब मी त्यालाही सांगितली नाही.

तो माझ्या हातांकडे बघत होता. नंतर बाटली त्याने चपलांच्या मांडणीवर ठेवली, जिथे वैशालीच्या चपला अजून होत्या, आणि आत गेला.

वनिताताईंना मी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. त्यांनी वही काढली नाही. म्हणाल्या, "हे वहीत राहून काय कामाचं? बायकांना सांगा." तेव्हापासून दर चैत्रात मी चंदनसारच्या इमारतींतून सांगत फिरते. पाणी कमी पडलं तर बायकांनो, पन्हं वाढवू नका. संपलं म्हणून सांगा. लाज वाटेल, वाटू दे. हातावर हळदीकुंकू आणि चार हरभरे ठेवून पाठवा. आणि कोणी विचारलं, पाणी उकळलेलं आहे का, तर हसू नका. विचारणारीला उत्तर खरं द्या. एवढंच सांगते, जास्त काही मला सांगता येत नाही.

काकू गावी गेल्या नाहीत. संजय माझ्याशी त्यानंतर कधी बोलला नाही, आणि त्याने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

पण त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं. तो आत गेला तेव्हा मी अजून त्यांच्या दारातच होते. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, पाणी दे."

काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. पाणी अजून कोमट असणार. पेला काठोकाठ भरला, थोडं त्यांच्या लुगड्यावर सांडलं. तो उभ्या उभ्या, एका दमात प्यायला, आणि रिकामा पेला त्याने पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"अजून एक दे," म्हणाला.

मी त्यांचं दार ओढून घेतलं आणि आमच्या घरात आले.